रविवारचा ट्रेक, मंगळवारचे जिने: दुखऱ्या पायांना घरच्या घरी बर्फ कसा लावायचा

पावसाळ्यात पहिल्यांदाच ट्रेकला आलेल्या मंडळींचे फोन सोमवारी येत नाहीत, मंगळवारी येतात. सोमवारी पाय नुसते जड असतात. मंगळवारी सकाळी मांड्या अशा भरून येतात की कठडा धरून, खेकड्यासारखं आडवं होऊन जिना उतरावा लागतो. मग प्रश्न ठरलेला: "बर्फ लावू की शेकू?" आणि घरातून मिळालेला सल्लाही ठरलेला: तेल गरम कर आणि चांगलं चोळून काढ.

शेकणं आपल्या घरांत मुरलेलं आहे. तव्यावर तापवलेल्या फडक्यापासून मिठाच्या पुरचुंडीपर्यंत सगळं कुणी न शिकवता येतं. बर्फाचं तसं नाही. तो एक तर घाबरत घाबरत दोन मिनिटं टेकवला जातो, नाहीतर थेट कातडीवर दाबून तासभर ठेवला जातो. पहिल्याचा उपयोग नाही आणि दुसऱ्याने कातडी भाजते. हो, थंडीनेही भाजतं. म्हणून नवख्यांसाठी ही सगळी पद्धत एकदा नीट मांडतो.

आधी ओळखा, हे दुखणं कोणतं

कळसूबाईचं शिखर १६४६ मीटरवर आहे. चढताना छाती फुटायची वेळ येते, पण पायांची वाट लावतो तो उतार. उतरताना मांडीचे स्नायू लांब होत असतानाच शरीराचं वजन पेलत असतात. प्रत्येक पायरीला त्यांना ब्रेक लावायचं काम असतं. सवय नसलेल्या स्नायूंच्या तंतूंना यात बारीक इजा होते आणि २४ ते ७२ तासांच्या दरम्यान दुखणं सर्वांत जास्त जाणवतं. 'लॅक्टिक ॲसिड साचलंय' असं सर्रास सांगितलं जातं, पण ते व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरातच रक्तातून निघून जातं. मंगळवारच्या दुखण्याचा दोष त्याच्यावर टाकता येत नाही.

हे दुखणं दोन्ही पायांत जवळपास सारखं असतं, हळूहळू वाढतं आणि चार-पाच दिवसांत आपोआप उतरतं. इथे बर्फ लावलात तर बरं वाटेल, नाही लावलात तरी काही बिघडत नाही.

मुरगळ, लचक आणि मुका मार यांची गोष्ट वेगळी. निसरड्या दगडावर पाय आत वळला, 'कट्' झालं आणि घोटा सुजायला लागला. म्हणजे दुखणं एका जागी आहे आणि ते कोणत्या क्षणी सुरू झालं हे तुम्ही सांगू शकता. बर्फ खरा कामाचा तो इथे, पहिल्या दोन-तीन दिवसांत. या दिवसांत ती जागा चोळू नका, शेकू नका, गरम पाण्याखाली धरू नका. ताज्या मुरगळीवर रगडून मालीश केली की आत आणखी रक्त उतरतं आणि सूज वाढते. आजीला वाईट वाटेल, पण तेलाची वाटी तीन दिवस बाजूलाच राहू दे. आंबेहळदीच्या लेपाचा आग्रह झाला तर कातडी फुटलेली नसताना तो लावायला हरकत नाही, फक्त गरम करून नको. आणि बर्फ लावण्याआधी तो धुऊन टाका.

रात्री झोपेत पोटरीत गोळा आला तर बर्फाच्या मागे धावू नका. गुडघा सरळ ठेवून पायाचा चवडा हाताने आपल्याकडे ओढा. गोळा सुटेल. पाठीत उसण भरली असेल तर बहुतेकांना शेकच जास्त मानवतो. जुनं, आखडलेलं, सकाळी उठताना ताठ वाटणारं दुखणंही शेकण्याच्याच खात्यातलं.

बर्फ काय करतो, काय करत नाही

गारव्याने त्या जागेच्या नसांमधून जाणारे वेदनेचे संदेश मंदावतात आणि रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे ठणका कमी होतो, सुरुवातीच्या तासांत सूजही थोडी आटोक्यात राहते. एवढंच. बर्फाने तुटलेला तंतू सांधत नाही.

हे स्पष्ट सांगायचं कारण म्हणजे अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं हे 'राइस' नावाचं सूत्र त्यांनी १९७८ मध्ये मांडलं आणि ते जगभरच्या खेळाच्या मैदानांवर पाठ झालं. पुढे २०१४ मध्ये खुद्द मर्किन यांनीच त्यातल्या बर्फाबद्दल मत बदललं. सूज ही शरीराच्या दुरुस्तीच्या कामाचाच भाग आहे, ती बर्फाने सतत दाबत राहिलं तर बरं व्हायला उशीर होऊ शकतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आज शहाणपणाचा वापर असा: ठणका फार असेल तेव्हा थोडा वेळ बर्फ, वेदना कमी करण्यापुरता. दिवसभर बर्फ बांधून बसायचं नाही.

जिमला जाणाऱ्यांसाठी एक जादा गोष्ट. दर वेळी वजनं उचलल्यावर गार पाण्यात बसणाऱ्या तरुणांचे स्नायू १२ आठवड्यांत तुलनेने कमी वाढले, असं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात दिसलं. दंड कमवायचे असतील तर व्यायामानंतर रोज बर्फात बसणं हा उलटा धंदा आहे.

कुणी बर्फ लावू नये

हा भाग ओलांडून पुढे जाऊ नका.

मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना बर्फ कातडी जाळतोय हे कळतच नाही. कुष्ठरोगानंतर किंवा लकव्यानंतर बधिर राहिलेल्या भागाचंही तेच. घरच्या घरी एक चाचणी करता येते. स्टीलचा चमचा फ्रिजमध्ये, म्हणजे खालच्या कप्प्यात, थोडा वेळ ठेवा. डोळे मिटून तो आधी हाताला आणि मग दुखऱ्या जागेला लावून घ्या. दोन्हीकडे सारखाच गार लागला तर ठीक. पायाला 'काहीतरी टेकलं' एवढंच जाणवलं, तर त्या पायाला बर्फ नको.

पायांचा रक्तपुरवठा कमी आहे असं डॉक्टरांनी सांगितलंय, गारठ्यात बोटं पांढरीफटक आणि मग निळी पडतात, थंड पाणी लागलं की अंगावर गांध्या उठतात, यापैकी काहीही असेल तरी नको. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असणाऱ्यांनी तर मुळीच नको. विदर्भात, गडचिरोलीपासून मेळघाटापर्यंत, आणि नंदुरबारकडे हा आजार बऱ्याच घरांत आहे. गारठ्याने त्याच्या वेदनेचा झटका येऊ शकतो, आणि हातपाय दुखताहेत ते ट्रेकने की आजाराने हे घरी ओळखता येत नाही.

उघडी जखम, फोड, जळवा चावून रक्त वाहत असलेली जागा, नुकताच बाम किंवा दुखण्यावरचं मलम चोळलेली जागा यांवरही बर्फ ठेवू नये. बामातल्या मेंथॉलने जागा फक्त गार 'वाटते', आणि त्या वाटण्याच्या नादात बर्फाने कातडी खरंच किती गार झाली याचा अंदाज चुकतो. मलम साबणाने धुवा, थोडा वेळ जाऊ द्या, मग बर्फ.

साहित्य

हवं ते सगळं घरात असतं: बर्फ, एक पातळ सुती पंचा किंवा जुन्या साडीचा तुकडा, एक धड प्लास्टिकची पिशवी आणि मोबाइलचा गजर.

ट्रेमधून नुकताच काढलेला खडा बोटाला चिकटतो ना? तो चिकटतो तोवर शून्याच्या बराच खाली असतो, कारण घरचा फ्रीजर साधारण उणे १८ अंशांवर चालतो. असा कोरडा बर्फ लगेच वापरू नका. खडे कापडात गुंडाळून बत्त्याने फोडा, पिशवीत भरा आणि वर वाटीभर साधं पाणी ओता. खडे चमकायला लागले, एकमेकांवरून घसरायला लागले की बर्फ शून्य अंशावर आला. आता पिशवीतली हवा दाबून काढा आणि गाठ मारा. चुरा आणि पाणी असलं की पिशवी घोट्याच्या वळणावर नीट बसते. आख्खे खडे टोचतात आणि मधेमधे फटी राहतात.

दहावीच्या विज्ञानातला अप्रकट उष्मा इथे कामाला येतो. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो आणि तरीही शून्य अंशावरच राहतो. म्हणून वितळता बर्फ बराच वेळ एकसारखा गार राहतो. मेडिकलमधला निळा जेल पॅक वापरायला सोपा, पण फ्रीजरमधून काढल्या काढल्या तो उणे दहा-पंधराच्या घरात असू शकतो आणि मऊ असल्यामुळे तसा वाटत नाही. थंडीने कातडी भाजण्याचे प्रकार त्याच्याने सहज होतात. त्याला पंच्याच्या दोन-तीन कोरड्या घड्या हव्यात. माझा स्वतःचा कौल साध्या बर्फाला.

फ्रीजरमध्ये हिवाळ्यात सोलून ठेवलेले मटार असतील तर तीही पिशवी झकास बसते. तिच्यावर खूण करून ठेवा, कारण वितळून परत गोठवलेले मटार पुलावात जायला नकोत.

बर्फात मीठ कधीही घालू नका. हाताने फिरवायच्या पॉट आइस्क्रीममध्ये भांड्याभोवती बर्फ आणि खडेमीठ का घालतात? मिठामुळे ते मिश्रण शून्याच्या पुष्कळ खाली जातं, म्हणूनच आतलं दूध गोठतं. तेच मिश्रण पोटरीवर ठेवलं तर पोटरीची कातडी गोठेल.

प्रत्यक्ष कृती

आधी बसायची किंवा आडवं व्हायची सोय करा. घोटा किंवा पोटरी असेल तर पाय लोडावर किंवा दोन उशांवर, शक्यतो छातीपेक्षा उंच. मांडी असेल तर गुडघ्याखाली उशी. पिशवी नेहमी अंगावर ठेवायची, अंग पिशवीवर टाकायचं नाही. पाठीला बर्फ हवा असेल तर पालथे झोपा आणि दुसऱ्याला पिशवी वर ठेवायला सांगा. पिशवीवर उताणं झोपलं की वजनाने रक्तपुरवठा आणखी दबतो, आणि वर डोळा लागला की संपलंच.

पंचा पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि दुखऱ्या जागेवर एक घडी पसरा. ओल्या पातळ कापडातून गारवा नीट पोचतो. जाड टर्किश टॉवेलमधून बर्फाचा पत्ताच लागत नाही, आणि मग लोक वैतागून तो काढून थेट बर्फ टेकवतात. (जेल पॅकला मात्र वर सांगितल्याप्रमाणे कोरडं आणि जाड.)

पिशवी ठेवा आणि गजर लावा. मांडीसारख्या मांसल जागेला १५ मिनिटं, फार तर २०. घोट्याला १० ते १५. पायाची बोटं, टाच, हाताचा पंजा अशा हाडकुळ्या जागांना ५ ते १० मिनिटं पुरे. लहान मुलं आणि वयस्कर माणसं यांची कातडी नाजूक, त्यांना यापेक्षाही कमी. गजर अंदाजाने ठरवू नका, मालिकेचा एक भाग संपेपर्यंत वगैरे तर नकोच.

दोन जागा जपायच्या: गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, किंचित खाली जो हाडाचा उंचवटा लागतो ती, आणि कोपराच्या आतली 'झिणझिणी' जागा. दोन्हीकडे नस अगदी कातडीखालून जाते. तिथे बर्फ घट्ट बांधल्यामुळे पाऊल उचलता न येण्याइतकी नस दुखावल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. क्रेप बँडेज आवळून बर्फ बांधायची सवय म्हणूनच वाईट. हाताने हलकेच धरा.

आता काय जाणवतं तेही क्रमाने ठरलेलं आहे. आधी गार, मग चुरचुर किंवा जळजळ, मग खोल ठणका, आणि शेवटी बधिरपणा. जळजळ सुरू झाली की नवखे घाबरतात. ती थोडा वेळ टिकून ओसरते. बधिर झालं की काम झालं, गजर वाजला नसला तरी पिशवी काढा. जळजळ ओसरण्याऐवजी वाढतच गेली तरी काढा.

मध्ये, पाच मिनिटांनी, एकदा कापड उचलून कातडी बघा. गोऱ्या कातडीवर गुलाबी-लाल रंग येतो तो ठीक. आपल्यापैकी बहुतेकांच्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून बोटाने दाबून बघा. जागा मऊ असावी आणि बोट काढल्यावर दोन-तीन सेकंदांत मूळ रंग परत यावा. पांढुरकी, राखाडी, मेणासारखी किंवा टणक वाटली तर लगेच थांबा.

काढल्यावर जागा पुसून कोरडी करा. पुढचा बर्फ किमान दोन तासांनी, दिवसातून तीन-चार वेळा. दोन-तीन दिवसांनंतर सूज उतरलेली असेल तर बर्फ बंद करा, हलकी हालचाल वाढवा आणि हवं तर शेक सुरू करा.

आणि लगेच उठून जिना उतरायला जाऊ नका. बधिर घोट्याला आपण कुठे पाय टाकतोय याचा नीट अंदाज राहत नाही. पंधरा-वीस मिनिटं बसा, चहा घ्या.

छोट्या जागेसाठी

पोटरीत एकाच ठिकाणी गाठ दुखत असेल तर चहाच्या कागदी कपात पाणी गोठवा. वरचा कागद बोटभर फाडा, खालचा भाग हाताला पकड म्हणून राहू द्या आणि बर्फ त्या जागेवर गोल गोल फिरवत राहा. इथे कापड लागत नाही, पण हात थांबता कामा नये. पाच ते सात मिनिटांत जागा बधिर होते.

टाच किंवा तळवा दुखत असेल तर पाण्याची अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली पाऊण भरून गोठवा. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, काठोकाठ भरली तर बाटली फाटेल. मोजा घालून, खुर्चीत बसून ती तळव्याखाली मागेपुढे फिरवा.

बादली, टब आणि इन्स्टाग्राम

दोन्ही पावलं आणि घोटे ठणकत असतील तर बादली बरी. पावसाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी २८ अंशांच्या आसपास असतं. असं १० लिटर पाणी १५ अंशांवर आणायला सुमारे दीड किलो बर्फ लागतो. फ्रिजच्या एका ट्रेमध्ये पाव किलोच्या आसपास निघतो, तेव्हा आदल्या दिवसापासून जमवा किंवा विकत आणा. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही, तो इतकं कमी तापमान दाखवतच नाही. स्वयंपाकघरातला किंवा माशांच्या टाकीचा चालतो. पाय १० मिनिटं बुडवा, बोटं अधूनमधून हलवत राहा. १० अंशांच्या खाली जायची गरज नाही.

बर्फाने भरलेल्या पिंपात गळ्यापर्यंत बसलेले लोक रोज मोबाइलवर दिसतात. गार पाण्यात बसल्याने व्यायामानंतरचं दुखणं नुसत्या विश्रांतीपेक्षा काहीसं कमी होतं, असं वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात म्हटलंय खरं, पण त्यातले अभ्यास लहान होते. धोका मात्र मोठा आहे. अंग एकदम गार पाण्यात गेलं की श्वास धाप लागल्यासारखा ओढला जातो, नाडी आणि रक्तदाब उसळतात. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी हा प्रयोग करू नये. इतरांनीही घरी एकट्याने नाही, दारू पिऊन नाही, आणि करायचाच तर कमरेपर्यंत, १० ते १५ अंशांत, १० मिनिटं. मंगळवारच्या मांड्यांसाठी मला तो खटाटोप वाटतो. पंधरा मिनिटं पिशवी आणि दोन वेळा सपाट रस्त्यावर सावकाश फिरून येणं पुरतं. आणि तीन आठवड्यांच्या आत परत एखादा छोटा गड उतरलात तर मांड्या पहिल्याइतक्या भरून येत नाहीत. स्नायू तेवढ्यात शिकलेले असतात.

बर्फाने भाजलं तर

जागा पांढरी, टणक, बधिर राहिली किंवा फोड आला, तर ती चोळू नका आणि शेगडीजवळ किंवा कडक पाण्यात धरू नका. कोमट पाण्यात, म्हणजे ३७ ते ३९ अंशांच्या, हळूहळू गरम होऊ द्या. पाणी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी हात घालून तपासावं, कारण बधिर पायाला ते कळणार नाही. फोड फोडायचा नाही, स्वच्छ कोरड्या कापडाने झाकून डॉक्टरांना दाखवायचा.

बर्फ बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा तो कधी

मुरगळलेल्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोहोंपैकी कोणत्याही बाजूच्या हाडावर दाबल्यावर नेमकं दुखत असेल, तर आधी एक्स-रे. एकच पोटरी सुजली, गरम आणि दुखरी झाली, विशेषतः लांबच्या बसप्रवासानंतर, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. तिला बर्फही नको, मालीश तर नाहीच नाही. पायात सूज इतकी की कातडी तुकतुकीत ताणली गेलीय, बोटांना मुंग्या येताहेत आणि औषधानेही दुखणं हटत नाही, तर रात्र असली तरी थांबू नका. छाती, जबडा किंवा डावा हात दुखतोय आणि घाम फुटलाय, तर ते सॅकच्या वजनाने आहे असं समजून बर्फ शोधत बसू नका.

आणि एक खूण नवख्या ट्रेकर्सना आणि जिममध्ये पहिल्याच आठवड्यात जोर काढणाऱ्यांना माहीत नसते: लघवीचा रंग. स्नायू प्रचंड दुखताहेत, सुजलेत आणि लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद होतेय, तर स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटून त्यातली द्रव्यं मूत्रपिंडांवर जाताहेत. दुखणं कमी करायच्या गोळ्या घरी घेऊ नका, त्या मूत्रपिंडांना आणखी त्रास देतात. त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालयात जा आणि कालपरवा किती आणि कसला व्यायाम झाला ते डॉक्टरांना आठवणीने सांगा.